राहाबची दोरी

आमची पोस्ट काश्मीरच्या एका उंच धारेवर होती. बारा जण, दोन बंकर, एक स्टोव्ह. मी हवालदार, सेक्शन कमांडर; घरी मला जना म्हणतात. गाव माझं पेण तालुक्यात, जित्याजवळ. घरची खारी शेती आणि मिठागर. माझा टूआयसी, म्हणजे माझ्यानंतरचा हुद्देदार, नाईक डॅनियल निडीकर, रोह्याच्या अलीकडच्या निडीचा. सुट्टी एकत्र मिळाली की पनवेलहून रोह्याची गाडी पकडायचो. मी जित्याला उतरायचो, तो पुढे जायचा.

डॅनियल बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. आमच्याकडची जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. पलटणीत नवा साहेब आला की ठरलेला प्रश्न यायचा, "निडीकर आणि ज्यू? मस्करी करतोस काय?" डॅनियल सावधानमध्येच म्हणायचा, "दोन हजार वर्सं झाली सर. एवढी लांब मस्करी कोण करील?"

त्याची आई मात्र आगऱ्यांची, आमच्या शिवेपलीकडच्या गावातली. म्हणून मी तिला आत्या म्हणायचो. लग्नासाठी तिने त्यांचा धर्म घेतला. माहेरच्यांनी पाठ फिरवली आणि सासरचे कित्येक वर्षं तिला 'बाहेरची' म्हणत राहिले. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा वडीलधाऱ्यांनी रूथ सुचवलं, पोथीतल्या परक्या पण गुणी सुनेचं. ती म्हणाली, मला राहाब द्या. सगळे चपापले, कारण पोथीतली राहाब शरीर विकणारी बाई. आत्या म्हणाली, "धंदा तिचा व्हता, तसा धीर पण तिचाच व्हता." शेवटी तेच नाव पडलं.

ही राहाबची गोष्ट डॅनियलने आम्हाला स्टोव्हभोवती बसून दहा वेळा तरी सांगितली असेल. यरीहो नावाचं तटबंदीचं शहर. इस्राएलचे दोन हेर आत शिरले. राहाब परकी, तरी तिने त्यांना छपरावर लपवलं आणि खिडकीतून दोराने खाली सोडलं. त्यांनी वचन दिलं, खिडकीला लाल दोरी बांध. घरात असतील ते वाचतील, दाराबाहेर पडेल त्याचं आम्ही सांगत नाही. शहर पडलं, तिचं घर वाचलं, आणि ती त्यांच्यातलीच होऊन राहिली. आत्याने निडीच्या घराच्या खिडकीला खरोखरच लाल दोरी बांधली होती.

आमच्याकडेही लाल दोऱ्या होत्या. अ‍ॅव्हलांच कॉर्ड. बर्फात निघताना कमरेला बांधायची आणि लांब शेपटीसारखी मागे सोडायची. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी बर्फावर राहते. टोक दिसलं की खणायचं कुठे ते कळतं. प्रत्येकाला एक, तीस हात लांब.

आता माझी चूक सांगतो. त्या सकाळी 0800 ला शेजारच्या पोस्टपर्यंत जाणारं लिंक पेट्रोल निघायचं होतं. सहा जण. मी एकेकाची दोरी ओढून तपासली, एकाला गाठ सैल म्हणून झापलंसुद्धा. माझी स्वतःची दोरी बंकरमध्ये आडवी बांधलेली होती आणि तिच्यावर माझे मोजे वाळत होते. रात्रभराच्या वाफेने ती खिळ्याला गोठून चिकटली होती.

"साहेब, तुमची?" डॅनियलने विचारलं.

"राहू दे. उशीर झालाय."

"दोरीशिवाय नाय जायचं."

त्याने स्वतःची दोरी सोडली, मधोमध धरली आणि चाकूने कापली. पंधरा हात मला, पंधरा हात त्याला. मी त्याला थांबवायला हवं होतं. दोन मिनिटांत खिळा उपटता आला असता. मी घड्याळ बघत होतो.

1120 ला आम्ही नाला ओलांडत होतो. पुढे मी, दहा पावलं मागे डॅनियल, बाकीचे चौघे अजून कडेला. वरून जड दार आपटल्यासारखा आवाज आला. मी "पळ!" एवढंच ओरडलो.

मला आठ मिनिटांत बाहेर काढलं. माझ्या दोरीचं वीतभर टोक वर राहिलं होतं. डॅनियलचं कुठेच दिसत नव्हतं.

रेडिओवर कंपनी कमांडर साहेब होते. "पेट्रोल मागे घ्या. दुसरी स्लाइड येऊ शकते. ओव्हर."

"सर, एक जवान आत आहे. आम्ही खणतोय. ओव्हर."

साहेब म्हणाले, "खणा. एकाला वर नजर ठेवायला सांगा. आउट."

बर्फात काठ्या खुपसत, फावड्यांनी, मग नुसत्या हातांनी आम्ही खणत राहिलो. 1410 ला मला लाल रंग दिसला. टोक बर्फाखाली फक्त एक हात होतं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला डॅनियल होता, गार पडलेला. दोरी अख्खी असती तर ते वर राहिलं असतं. हे सगळ्यांनी पाहिलं.

पलटणीच्या पत्रात 'कर्तव्य बजावताना' असं होतं. खोटं नव्हतं, पण त्यात मोजे नव्हते. सुट्टी मिळताच मी निघालो. जित्याला उतरलो नाही, सरळ निडीला गेलो. बोलल्याशिवाय घरी जायचं नाही, असं ठरवलं होतं.

आत्या भात पाखडत होती. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मोजे, खिळा, घड्याळ, एक हात. माझ्याकडचा दोरीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवला. "आत्या, ही त्याची होती. माझ्यामुळे गेला तो."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि ती रडली, मोठ्याने, आमच्याकडच्या बायका रडतात तशी. मला वाटलं, आता दार लावेल. लावलं असतं तर तिचं चुकलं नसतं.

"मोजे वाळवायला दोरी," ती म्हणाली. "मेल्या, तुला काय अक्कल?"

"नाय आत्या."

"राहाबनं दोरी बांधली ती एकटीसाठी नाय रे जना. घरात जितके व्हते तितके तिच्यावर वाचले. माज्या दान्यानं तुला घरात धरलंन. मग मी कोण तुला बाहेर काढणारी? मी पण बाहेरचीच व्हते."

डॅनियलच्या ट्रंकेतून आलेला दुसरा तुकडा तिने काढला. मिठागरावर दोर जोडतात तशी घट्ट गाठ मारून दोन्ही तुकडे जोडले आणि खिडकीला बांधले.

तेव्हापासून दरवर्षी त्याच्या दिवसाला मी निडीला उतरतो. आत्या मलिदा करते. गोड पोहे, खोबरं, पाच फळं. त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले, तरी प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणून ती आठवडाभर फोन करून अलिबागपासून माणसं जमवते. त्या दहांत मी मोजला जात नाही. ते त्याचं नाव घेतात, नाईक डॅनियल निडीकर, आणि मी मागे सावधान उभा असतो.

दोरी उन्हाने गुलाबी पडली आहे. गाठ सुटलेली नाही. ती बघत मी अजूनही दाराशी अडखळतो, आणि दर वर्षी आतून तोच आवाज येतो.

"बाहेर नको थांबू रे. घरात ये."