पेंढीवाले बन्सीधर मास्तर

“गुडघे वाकवा म्हणलं, मान न्हाई!”

“मनकर्णे, मला शिकवू नको. तीन साल लागोपाठ ढाल आणलीय मी हैदराबादहून.”

“ढाल पोरांनी आणली. तुमी तिकिटं काढली.”

“मी कोच हाय!”

“मंग टाका की कोचासारखं. धा झाले, एक बी गेला न्हाई. काय बघायलाव? त्यो काय, म्हशीच्या गव्हाणीत पडलाय.”

बन्सीधर मास्तरांनी गव्हाणीत वाकून बॉल काढला आणि विजारीला पुसला. परसातल्या लिंबाला दहा फुटांवर पिंपाचं कडं बांधलं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन चार महिने झाले होते आणि राज्याबरोबर नवा नियमही आला होता. ज्या व्यायामशिक्षकाकडे प्रमाणपत्र नाही, त्यानं साहेबासमोर दहापैकी सहा बॉल जाळीत टाकून दाखवायचे. जमलं तर नोकरी कायम, नाही तर रामराम. परीक्षा सोमवारी होती. आणि अख्ख्या परभणीत फक्त त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, ठाऊक होतं की जिल्ह्याच्या या नामी कोचनं जन्मात एकही बास्केट केलेली नाही.

“शिकवते,” बाई म्हणाल्या, “पण एक शर्त. कुनी शिकवलं म्हणून साहेबानं इचारलं, तर माझं नाव सांगायचं. आधीचं बी समदं.”

“आधीचं म्हंजे?”

“उगं येड पांघरून पेडगावला जाऊ नका.”

तिथं जायची मास्तरांना गरजच नव्हती, ते जन्मलेच पेडगावात. मॅट्रिक होऊन पूर्णा जंक्शनला पार्सल ऑफिसात चिकटले. तिथले इंजिन-ड्रायव्हर संध्याकाळी बास्केटबॉल खेळत. मास्तरांची उंची पाच फूट दोन इंच. ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि हातात शिट्टी अन् गुणांची पाटी दिली. चार वर्षं पाटी लिहून मास्तरांना सगळे नियम तोंडपाठ झाले. पुढे परभणीत कॉलेज निघालं. कुणीतरी हौसेनं बास्केटबॉलचे दोन खांब देणगी दिले, पण त्यांचं करायचं काय, ते कुणालाच कळेना. ज्याला कळलं तो कोच झाला.

पोरं खेड्यापाड्यांतली, दंडाची दणकट. बॉल असा फेकायची, जणू गोफणीतला धोंडा. पहिल्या वर्षी हैदराबादला बावन्न विरुद्ध नऊ अशी धूळ चाटून आली.

त्या फाल्गुनात मास्तर देवगाव फाट्याजवळ सासुरवाडीला गेले होते. खळ्यावर कडब्याची वळई रचणं चाललं होतं. वर गंजीवर मेव्हणा मुंजाजी, खाली मनकर्णाबाई. बाई पेंढी दोन्ही हातांत धरायच्या, गुडघे वाकवून खालून झोका द्यायच्या, मनगट वळवायच्या, की पेंढी अलगद मुंजाजीच्या हातात. त्यात मुंजाजीचं अर्धं लक्ष रस्त्यावरच्या मोटारीकडे, तरी एक पेंढी चुकली नाही. मास्तरांचा चहा निवून गेला.

आठवड्यानं पंधरा पोरं त्या खळ्यावर हजर. पंधरा दिवस मनकर्णाबाईंनी मनगट वळवून दाखवलं आणि पोरांनी पेंढ्या फेकल्या. सासरे लय खूश, फुकटात वळई रचून झाली. पुढच्या सामन्यात पोरांनी तसेच खालून, दोन्ही हातांनी बॉल टाकले. लोक ओरडले, “क्या मियाँ, कडबा फेंकरें क्या?” मध्यंतरापर्यंत ओरडणारे गप झाले. मास्तरांनी गळ्यात हार घालून अख्बारवाल्याला सांगितलं, “ही माझी खास पूर्णा पद्धत.” बातमी पोरांच्या तोंडून घरी पोचली. त्या आठवड्यात वरणात मीठ जरा जास्तच पडत गेलं.

“बरं, सांगतो तुझं नाव. कबूल!” मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्या हातातला बॉल काढून पेंढी दिली. “बॉल इसरा. वर मुंजाजी हाय समजा. त्याच्या हातात द्यायची, डोस्क्यात न्हाई.” चार दिवस मास्तर म्हशीचा कडबा वर फेकत राहिले. म्हैस कावली. रविवारी दहापैकी सात कड्यातून गेले.

सोमवारीही सातच गेले. प्राचार्य दिनकररावांनी टाळी वाजवली. पोरांनी तर ग्राउंड डोक्यावर घेतलं.

“फारच सहज हात आहे तुमचा,” पुण्याचे साहेब म्हणाले. “कुणाकडे शिकलात?”

नाव मास्तरांच्या घशापर्यंत आलं. त्यांनी पोरांकडे पाहिलं, दिनकररावांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

“पूर्णेला, साहेब. रेल्वेत असताना.”

साहेबांनी तेच लिहून घेतलं.

घरी बाई भाकरी थापत होत्या. “किती?”

“सात! कायम झालो, मनकर्णे!”

“इचारलं का?”

बुटाची नाडी सुटायला मास्तरांना बराच वेळ लागला. “इचारलं. पूर्णेला, म्हणालो. आगं, समदी पोरं उभी होती, प्राचार्य होते... पुढच्या साली नक्की सांगतो. अख्बारात छापून आणतो, आईशप्पत!”

बाईंनी भाकरी उलटली. ओरडा झाला नाही, त्यामुळे मास्तरांना धीर आला.

“जुनी पोरं पास होऊन गेली, यंदा बारा नवी हायेत. परवा न्यावं म्हणतो तुझ्या खळ्यावर. तू म्होरं उभी ऱ्हायल्याबिगर त्यांचं मनगट काय वळायचं न्हाई. येशील ना?”

बाईंनी शेवटची भाकरी टोपल्यात टाकली. चूल विझवली, पदराला हात पुसले, घागर कमरेवर घेतली आणि “पूर्णेलाच न्या की त्यांना,” म्हणत मास्तरांच्या शेजारून दाराबाहेर निघून गेल्या.