दंडाचं माप

त्या सकाळी मी मशीनला तेल घालत होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर थोरले दीर. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आमच्यात थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी सरळ बोलायची रीत नाही. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याकडे बघून सांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी माझं नाव घेतलं. "मंगल," म्हणाले, "आक्का गेली..." आणि उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. चहाची कपबशी हातात घेता घेता हृदय थांबलं, एवढंच. त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, सुटली बिचारी. तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सुटली असेल ती, मी कुठे सुटले?

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुमन. एक्याऐंशी साली लग्न होऊन मी टेंभुर्णीत आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. आक्काकडे तिच्या माहेरची, हसनाबादहून आणलेली शिलाई मशीन होती. तिनंच मला शिवणं शिकवलं. "कापताना श्वास धरायचा बाई, मंग कैची हलत न्हाई," असं म्हणायची. बोलणं इतकं मऊ, की शेळी आडवी आली तरी "हो माय बाजूला" म्हणून वाट मागायची. माझं पहिलं लेकरू आठ दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा दोन महिने ती माझ्याजवळ निजली. माझी वेणी घातली, बळंबळं घास भरवले, आणि माझ्यासमोर एकदाही रडली नाही. ते उपकार मी विसरले असते तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

हळूहळू गावातल्या बायांचे ब्लाऊज माझ्याकडे यायला लागले. मापं मी एका शंभरपानी वहीत लिहायचे, आणि वहीचं पहिलं पान आक्काचं. काही वर्षांनी आक्काचा चेहरा भरायला लागला. गाल लाल, हनुवटीखाली वळी, मानेमागे मांस. बाया म्हणायच्या, "सुमनबाई, तब्येत भारी झाली की!" आमच्याकडे तब्येत झाली म्हणजे माणूस सुखात आहे. सासूबाई तर मिरवायच्याच, बघा आमच्या घरचं खाणं म्हणून. दर दिवाळीला मी तिच्या ब्लाऊजची कंबर वाढवत होते आणि गंमत म्हणजे दंडाला टाके घेऊन बाही कमी करत होते. एकदा हसत म्हणालेसुद्धा, "आक्का, तुमची चरबी बी येडीच हाय. पोटाकडं जाती अन् हाताला इसरती." टेप माझ्या हातात होती, आकडे मीच लिहीत होते, आणि मी त्याची थट्टा केली.

मग तिचा स्वभाव बदलला. झोप उडाली. भांडी आपटायची, कुणी काही बोललं की अंगावर धावून यायची, आणि घटकाभरानं चुलीपुढे बसून हमसून हमसून रडायची. सासूबाई म्हणाल्या, माज आलाय. शेजारच्या चाचींनी ताईत आणून दिला. मी आपली वरवर समजूत घालत होते आणि मनात म्हणत होते, ही अशी नव्हती, का अशीच होती आणि आम्हाला दिसली नव्हती?

एके दुपारी पाहुणे जेवायला बसले होते. माझ्या हातून वरणाचं पातेलं कलंडलं. आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचं लेकरू गेलं ते बरंच झालं. हिला कायबी सांभाळता येत न्हाई." पाहुण्यांचे घास हातात राहिले. मी तशीच उठले, आणि त्याच आठवड्यात वेगळी चूल मांडली. जाताना मशीनही उचलली. ती तिच्या माहेरची होती हे मला चांगलं ठाऊक होतं. तिनं अडवलं नाही, नंतर कधी परतही मागितली नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिचं रडणं मला ऐकू यायचं, माझी मशीन तिला ऐकू येत असणार. दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

एक दिवस आक्का ओट्याच्या पायरीवरून नुसती घसरली आणि मनगट मोडलं. जालन्याला नेलं, तर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हाताचं नंतर बघू म्हणून तिच्या पोटावरचे जांभळे वळ बघितले आणि औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दादा परत आले आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "इचारून राह्यलेत, अंग कधीपासून बदललं म्हणून. मला तं बिलकुल सांगता येईना." मी आतल्या खोलीतून म्हणाले, "माझ्या वहीत आहे."

वही घेऊन मी एसटीनं गेले. डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं, दंडाच्या आकड्यांवरून बोट खाली खाली नेलं. बारा, साडेअकरा, अकरा, साडेदहा. मग कंबरेचे आकडे बघितले. म्हणाले, "ताई, हा आजार तुमच्या वहीत चार वर्षांपासून लिहिलेला आहे." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी समजावून सांगितलं, की मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. साप समोर आला तर पळायचं बळ देणारा, सकाळी माणसाला उठवणारा एक रस तिच्यातून निघतो आणि संध्याकाळपर्यंत ओसरतो. आक्काच्या ग्रंथीवर गाठ होती, म्हणून तो रस ओसरतच नव्हता. त्यानं हाडं पोखरली, हातापायांचं मांस खाल्लं आणि मनालाही सोडलं नाही. "चोवीस तास साप समोर असल्यासारखं तुम्ही जगाल, तर तुम्ही तरी कसं बोलाल?" ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. वर्षभरात चेहऱ्यावरची सूज उतरली आणि गावातल्या बाया हळहळल्या, "अगं बाई, तब्येत पार गेली की!" संताप गेला, मन मात्र वर येईना. दारात बसून राहायची, हाक मारली तर उशिरा बघायची. डॉक्टर म्हणाले, रस आटोक्यात आला तरी मनाला वेळ लागतो, कधी कधी ते पूर्ण सावरतही नाही. गोळ्या चालू राहिल्या. मी मशीन परत द्यायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. मला आता श्वास धरवत न्हाई."

एकदा मेथी निवडताना तिनंच विषय काढला. "मंगल, त्या दिवशी तुझ्या लेकराबद्दल बोलले ते कोण बोललं गं? मला सम्दं आठवतंय. तोंड तं माझंच व्हतं." मी मान खाली घालून काड्या मोडत राहिले. ती वाट बघत होती. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या ना आक्का, झालं गेलं." तिनं जुडी उचलली आणि आत गेली.

त्यानंतर तिला एक सवय लागली. दोन-तीन महिन्यांनी यायची, कापड न घेता, आणि हात पुढे करायची. दवाखान्याच्या कागदांपेक्षा तिचा माझ्या टेपवर जास्त भरवसा. "बघ बरं, दंड कमी झाला का? परत तं येऊन राह्यलं न्हाई ना?" मी मोजायचे, वहीत लिहायचे, म्हणायचे, "बराबर हाय." मग ती टेप स्वतः दोन बोटांभोवती घट्ट गुंडाळायची आणि ड्रॉवरमध्ये ठेवायची. असं कितीतरी वर्षं चाललं. तिचा दंड दर वेळी माझ्या हातात होता, आणि दर वेळी तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या ओठांपर्यंत येऊन परत जायचं. लेकरू माझं गेलं होतं ना, म्हणून तेवढं एक मी मुठीत धरून बसले.

जायच्या आठवडाभर आधी आल्ती. दंड पावणेबारा. टेप गुंडाळून ठेवली आणि दारात थांबून म्हणाली, "कायी राह्यलं का गं?"

मी म्हणाले, "न्हाई आक्का. बराबर हाय."

ती गुंडाळी अजून ड्रॉवरमध्ये तशीच आहे, तिच्या दोन बोटांएवढी पोकळी मधे ठेवून. मी कामाला दुसरी टेप आणली. ते बोलणं तिचं होतं का त्या रसाचं, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नसतं, मला तर नाहीच. पण "आक्का, ते तुम्ही नव्हता बोलला," एवढं म्हणायला माझं काय जात होतं?