हॉलंडच्या गिऱ्हाइकाचं जेवण

आमच्या कर्जतच्या डाळिंबांना थेट हॉलंडचं गिऱ्हाईक मिळावं, मधले दलाल सुटावेत, म्हणून थोरल्या भावानं पॅकिंगची शेड घासूनपुसून लख्ख केली होती. शेड बघून ऑर्डर द्यायची की नाही हे ठरवायला तिथला खरेदीदार स्वतः आला. मला इंग्रजी येतं, म्हणून दुभाष्या मी.

आधी जेवण. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी. दुसऱ्या पोळीला पाहुणा पुरे म्हणाला. मी ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पहिलं न्हाई धरायचं नसतं," आणि पोळी वाढली. पुढच्या पोळीला त्यानं ताटावर हात आडवा धरला. आमच्याकडं त्याचा अर्थ, अजून आग्रह करा. तुपाची धार त्याच्या बोटांवरूनच ताटात उतरली. तो माझ्याकडं बघून काकुळतीला आला होता. मी वहिनींना म्हणालो, "आवडलंय म्हणतात."

जेवून तो बाजेवर टेकला आणि झोपला. ड्रायव्हरनं उठवलं तेव्हा सोलापूरच्या दुसऱ्या बागायतदाराकडं निघायची वेळ झाली होती. पाहुण्यानं शेडचं विचारलं. भाऊ म्हणाला, "शेड कुठं पळून चाललीय? आधी च्या घ्यायला सांग त्यांना." मी फक्त चहाचं सांगितलं. चहा घेऊन तो शेड न बघताच गाडीत बसला.

ऑर्डर सोलापूरच्या माणसाला गेली.

"तुझंच चुकलं," भाऊ अजून म्हणतो. "शेवटच्या पोळीला तू जोर लावला न्हाईस."