वजनकाट्यावरची संशयित

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते, कारण खरा आरोपी सापडण्याआधी मी एका निर्दोष मुलीला चोर ठरवलं होतं.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. खबऱ्याकडून बातमी आली की, तेलगावजवळच्या एका गूळ कारखान्याच्या वजनकाट्यावर ठरावीक ट्रॅक्टरांच्या उसाचं वजन संगणकात वाढवलं जातं. त्या संगणकावर एकच मुलगी बसायची, मेंढपाळाच्या घरातली. ऊस घेऊन आलेल्यांच्या रांगेसमोरून मी तिला जीपमध्ये बसवलं.

जबाबात तिचं एकच म्हणणं. "साहेब, मधीच पडदा आपोआप बंद व्हतो. पासवर्ड टाकला की पुन्हा येतो. मी वजन बदललं न्हाई."

"आपोआप? भूत येऊन बसतं का खुर्चीवर?" मी म्हणालो. हवालदार मोठ्याने हसले.

वडवणीच्या कार्यालयात बसून कारखान्याच्या व्यवस्थापकाला काट्याचा संगणक चालवता येत असे. मी त्याला फोन केला. "ती जोडणी कवाच बिघडली, साहेब. लागतच न्हाई," तो म्हणाला. तो इतक्या ठामपणे बोलला, की मी तपासलंच नाही. मुलीला संध्याकाळी सोडलं. तोवर तिचं काम गेलं होतं आणि गावातलं नावही.

पुढे आमच्याच ठाण्यातला संगणक अडला. तंत्रज्ञ बीडहून जोडणी करून दुरुस्ती करू लागला. जोडणी तुटायची, तो पुन्हा जोडायचा, आणि दर वेळी हवालदारांसमोरचा पडदा बंद व्हायचा.

"साहेब, माझ्याकडं कावून बघता? मी हातबी लावला न्हाई!" हवालदार म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. मी तंत्रज्ञाला कारण विचारलं. तो फोनवर म्हणाला, "समोर बसलेल्याच्याच नावाने दुसरीकडून कुणी संगणकात शिरलं, की समोरचा पडदा आपोआप बंद होतो."

त्याला बीडहून बोलावून मी काट्यावर घेऊन गेलो. संगणकात वडवणीहून झालेल्या जोडण्यांची नोंद होती, आणि प्रत्येक जोडणीत कुठलं तरी वजन बदललेलं. आपल्या मेव्हण्याचे ट्रॅक्टर आले की व्यवस्थापक आत शिरायचा. नोंदी पुढे ठेवताच त्याने कबुली दिली.

आपल्याला न समजलेली गोष्ट खोटीच असेल असं नाही, हे मी त्या तपासात शिकलो. त्याची किंमत मात्र त्या मुलीने मोजली.

मी तिच्या घरी गेलो. "आता कावून आलात?" वडिलांनी विचारलं. मी हात जोडले. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "हितं न्हाई, साहेब. काट्यावर चला."

काट्यावर ट्रॅक्टरांची रांग होती. "पुन्हा काय झालं बे?" कुणीतरी पुटपुटलं. मी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "हिने काहीही केलं नव्हतं. न तपासता मी हिला तुमच्यासमोरून नेलं. चूक माझी होती. ताई, मला माफ करा."