कारभारीची इर्जिक

इंदिरानगरात बंगले उठायच्या आधी तिथं कारभारी माळ्याचा झेंडूचा मळा होता. पुढं प्लॉट पडले, मळा गेला, विहीर बुजली, आणि कारभारीला उरलं काय, तर घर आणि घरामागचे दोन-चार वाफे. पण माणूस असा, की हात रिकामा राहिला की त्याला ताप भरल्यासारखं व्हायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी जरा रेंगाळला, की हा बसल्या जागी गवत उपटायला लागे. एकदा तर व्याह्याच्या अंगणातली दूर्वा साफ करून मोकळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी गणपती! व्याही अजून ते लग्नकार्यात सांगतो.

वस्तीमागं जाखमातेची टेकडी. दर नवरात्रात अष्टमीला कारभारीची बायको कुसाबाई घरच्या झेंडूची माळ घेऊन वर जायची. सून म्हणून आली तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. पण एका साली उतरताना वरच्या चढणीवर मुरमावरून पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. महिनोन्‌महिने बाई खाटेवर. उठली ती काठी घेऊनच.

"आता देवी मला खालूनच बघंल," ती म्हणाली.

"खालून कशी? मी वाट करतो. पुढच्या अष्टमीला तू काठी टेकत वर जाशील. नाय गेलीस तर मला कारभारी म्हणू नको."

"मग काय म्हणू? नाव घ्यायची तर सोयच नाय मला," कुसाबाई म्हणाली, पण हसली. किती दिवसांनी हसली.

कारभारीनं टिकाव-पहार काढली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नाही. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या तो आधी गोळा करी, मग दगड बसवायला घेई. पोळ्यापर्यंत खालची वाट अशी झाली, की डोक्यावर भरलं मडकं घेऊन जावं. राहिली ती वरची चढण. तिथले धोंडे एकट्याच्यानं हलेनात.

तेव्हा त्याला इर्जिक आठवली. नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. एखाद्याचं काम अडलं, की तो गावाला हाक घाली. गाव औतं-अवजारं घेऊन येई, दिवसात काम उरकी, आणि हाक घालणारा सगळ्यांना गोडाचं जेवण घाली. मजुरी नाही. पण जो आपल्याकडं आला, त्याची हाक आली की आपण हातातलं काम टाकून जायचं. ते कुणी बोलून दाखवत नसे. सगळ्यांना ठाऊकच असे.

शेजारचा देवराम म्हणाला, "इर्जिक गावात घालत्यात, कारभारी. कॉलनीत नाय."

"माणसं तीच रे. हात तर सगळ्यांनाच हेत ना?"

सकाळी फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचे म्होरके दीपकराव. बँकेतले, गळ्यात कायम शिट्टी. ते एकदम खूश झाले. "वा, काका! येत्या रविवारी श्रमदान! मी सगळ्यांना सांगतो."

आणि आली की माणसं! पांढऱ्या टोप्या, नवेकोरे हातमोजे, एकानं तर गोगल लावून टिकाव धरलेला. दीपकराव शिट्टी वाजवत होते. दुपारपर्यंत सगळी चढण खणून निघाली. जुनी टणक वाट उखडली, धोंडे मोकळे झाले. आता ते बसवायचे, तेवढ्यात ऊन तापलं आणि पंगत बसली. कुसाबाईनं पाय लांब करून, भिंतीला टेकून पुरणपोळ्या लाटल्या होत्या. माणसं बोटं चाटत जेवली, फोटो काढले आणि "पुन्हा येऊ हं, काका" म्हणत गाड्यांवर बसून गेली.

पुढच्या रविवारी एकटा कारभारी चढणीवर. खाली बोलवायला गेला तर दीपकरावांच्या मंडळी उज्वलाताई फाटकातच भेटल्या. "अहो काका, बरे आलात. आमच्या लॉनचं बघा ना जरा. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात."

कारभारीला वाटलं, फेडीची हाक आली. त्यांनी आपल्याकडं घाम गाळला, आता आपली पाळी. तो चढणीवरचा टिकाव घेऊन आला आणि लॉनला लागला. मग शेजारच्यांची हाक आली, मग त्यांच्या पलीकडच्यांची. कुणाच्या गुलाबाला आळं, कुणाच्या नारळाला खड्डा. जो जो पंगतीला होता, त्याच्या त्याच्या दारी कारभारी गेला. परत परत अवजारं कुठं वाहायची, म्हणून पहार एका बंगल्यात राहिली, टिकाव दुसऱ्यात.

"चढण उघडी पडली हे," कुसाबाई रोज म्हणायची. "त्यांना सांगा ना, अष्टमी झाली की येतो."

"तसं म्हणता येतं का? ते आले तवा आपण म्हटलं का, नंतर या?"

"ते एकदा आले. तुम्ही किती वेळा जाणार?"

कारभारी चहा न घेताच उठायचा.

घटस्थापनेच्या तोंडावर परतीचा पाऊस आला. मोकळी केलेली माती, मुरूम, धोंडे, सगळं घळीत उतरलं. आधी निदान सटकण्याजोगी तरी वाट होती. आता वाटच राहिली नाही.

अष्टमीला कुसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसली. कारभारी म्हणाला, "यंदा राहू दे." ती ऐकते कसली! खालच्या पायऱ्या काठी टेकत, एकदाही न थांबता चढली. सुरेख पायऱ्या होत्या, खोटं कशाला बोला. चढणीपाशी आली आणि उभी राहिली. पुढं नुसती घळ. मग माळ त्याच्या हातात दिली.

"तुम्ही जा. देवीला सांगा, कुसाबाईचा नवरा लोकांच्या कामावर असतो."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अवजारं धुऊन, हळदकुंकू लावून पुजायचा दिवस. कुसाबाईनं पाट मांडला, फुलं ठेवली. पाटावर ठेवायला घरात एक खुरपंसुद्धा नाही! कारभारी उठला आणि दीपकरावांच्या बंगल्यात गेला.

"सणाच्या दिवशी कशाला आलात?" उज्वलाताई म्हणाल्या. "बरं, आलातच तर तेवढ्या कुंड्या उन्हात सरकवा ना."

कारभारीनं कुंड्या सरकवल्या. मग दीपकरावांना म्हणाला, "साहेब, माझी फेड झाली आता. चढणीला या एकदा. मंडळाला घेऊन."

"फेड? कसली फेड?"

कारभारीनं इर्जिकीचं सगळं सांगितलं. दीपकराव ओशाळून म्हणाले, "अहो, आम्ही श्रमदान केलं होतं! ते काय परत घ्यायचं असतं? आम्हाला वाटलं, मळा गेल्यापासून तुमचा वेळ जात नाही. म्हणून आपलं बोलवत होतो."

कारभारीनं टिकाव खांद्यावर घेतला. पहारीसाठी दुसरा बंगला गाठायचा होता. घरी आला तेव्हा फुलं सुकली होती.

चढण नंतर त्यानं पुष्कळदा करायला घेतली, पण कंबर साथ देईना. मंडळ आलं नाही असं नाही. दरवर्षी एकदा यायचं, खालच्या पायऱ्या झाडायचं, फोटो काढायचं. पुढं मंडळाच्या खटपटीनं सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, थेट वरपर्यंत, लोखंडी कठड्यासकट. कारभारीचे दगड त्याच्याखालीच गेले.

त्या अष्टमीला तो घाईघाईनं घरी आला. "ऊठ, चल. आता कठडा हे. धरून धरून जाशील."

कुसाबाई अंगणात माळ ओवत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"ती वाट त्यांची हे," ती म्हणाली. "मी तुमच्या वाटेनं जाणार होते."

आणि गाठ मारून तिनं माळ त्याच्यापुढं धरली.