धुऊन इस्त्री केलेलं नशीब

सिनेमातल्या हीरोचं नशीब मी धुतलं, त्याला नीळ दिली, कडक इस्त्री केली आणि वर तुटलेलं बटणही लावून दिलं. एवढा गाढवपणा मी तरुणपणी केला. 'तरुणपणी' म्हटलं की नातवंडं हसतात, कारण तेव्हा मी छप्पन्नची होते. नाकावर माशी बसू देत नव्हते.

वरवट बकालला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान. सोनाळ्याकडे शूटिंग आलं आणि मला कॉस्च्युमचं काम मिळालं. काम काय, तर बटणं लावायची आणि इस्त्री करायची. तरी मी दुकानाच्या पाटीवर 'फिल्म डिझायनर' असं रंगवून घेतलं.

सिनेमा विज्ञानाचा. एका मास्तराला भविष्य दाखवणारं यंत्र सापडतं. यंत्र म्हणजे चंदेरी रंग दिलेली प्लास्टिकची पाण्याची टाकी. आत बसलं की आपला शेवट दिसतो. मास्तराला दिसतं, की आपण फाटक्या, रक्ताळलेल्या शर्टात मरणार. ते टाळायला तो नाही नाही ते करतो, पण अखेर त्याच शर्टात मुकाट टाकीत जाऊन बसतो.

"माणसाच्या हातात काही नसतं, मावशी," असं डायरेक्टर समीर रोज सांगायचा. तो पुण्याचा. त्याच्या हातात चहा मात्र कायम असायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी तो शर्ट मला दिसला. खिसा लोंबतोय, चिखल काय, रक्ताचे डाग काय! म्हटलं, एवढी माणसं, आणि एकालाही शर्ट धुवायचं सुचू नये? पुढचं वर सांगितलंच.

असिस्टंट प्रज्ञानं इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि मोबाइलमधला कालचा फोटो त्याच्याशेजारी धरला. सोनाळ्याचीच पोरगी, पहिलीच नोकरी. तिच्याकडे 'कंटिन्युटी' होती. म्हणजे असं, की शूटिंग होतं तुकड्यातुकड्यांत, पण पाहणाऱ्याला सलग वाटलं पाहिजे. कालचा डाग आजही तिथल्या तिथेच हवा.

"मावशी, हे काय करून ठेवलं तुमी?"

"काऊन? चांगला पांढराफेक निघाला ना!"

"अवं मावशी, तो चिखल आपणच लावला होता!"

तेवढ्यात समीर आला. त्याने शर्टाकडे पाहिलं, मग प्रज्ञाकडे. "हीरोची संध्याकाळी नांदुऱ्याहून गाडी आहे. त्याआधी हा शॉट झाला नाही, तर उद्यापासून तू घरी."

"तिले काऊन बोलता? धुतला मी!"

"पण सांभाळायचा तिनं होता, मावशी."

मग मात्र माझी पाटी मलाच टोचू लागली. प्रज्ञाच्या मोबाइलमधले फोटो पाहून मी खिसा पुन्हा फाडला, चिखल थापला. खोट्या रक्ताची बाटली संपली होती. मी गुळाचा घट्ट पाक केला आणि त्यात कुंकू कालवलं. डाग असे हुबेहूब उतरले, की हीरोनं आपली छाती चाचपून पाहिली. वाळायला शर्ट निंबाच्या फांदीवर टाकला.

"ॲक्शन!"

हीरो टाकीत बसला. डोळे मिटलेले, चेहरा शांत. नशीब मान्य. मग त्याची एक भुवई हलली. मग खांदा. मग "आई गंऽऽ!" करत तो टाकीतून उसळला, शर्ट काढून भिरकावला आणि उघडाच शेजारच्या तुरीत पळत सुटला. गूळ माझा होता, निंब मुंगळ्यांचा.

"आता मी त्या टाकीत पुन्हा बसणार नाही!" तुरीतून आवाज आला.

समीरनं डोक्याला हात लावला. कॅमेरा चालूच होता. प्रज्ञा चाचरत म्हणाली, "सर, तो पळाला. म्हणजे त्यानं नशिबाले नाही म्हटलं ना?"

समीरनं तो शॉट पाहिला. पुन्हा पाहिला. चहा खाली ठेवला.

"हाच शेवट," तो म्हणाला. प्रज्ञाची नोकरी राहिली.

पुढे नांदुऱ्यात सिनेमा दाखवला. एका प्राध्यापकांनी उठून विचारलं, शर्ट फेकण्यामागचं चिंतन काय? समीर माणसाच्या निवडीच्या स्वातंत्र्यावर भरपूर बोलला. मुंगळ्यांचा उल्लेख आला नाही.

धंद्यातला माझा धडा एवढाच, की डाग मुद्दाम पाडलाय का, हे विचारल्याशिवाय कुणाचं काही धुऊ नये. टाळ्या संपल्यावर शेजारी बसलेली प्रज्ञा माझ्या कानाशी लागली.

"मावशी, पुढच्या पिच्चरले काही धुऊ नोका. पण गूळ मात्र संगं घेऊन येजा."