मारामारीतलं बोलणं

इंग्रजी कॉमिक्समधली ती उडणारी, भिंती फोडणारी, चड्डी पँटवरून घालणारी माणसं एकमेकांना ठोसे मारताना नेमकं काय बोलतात, हे साऱ्या जगात फक्त माझ्या धाकट्या मामाला कळतं. त्याला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट वेगळी. मामा चौक गावाच्या पुढे मुंबईवाल्यांच्या एका बंगल्यावर माळी आहे. मालकांची मुलं मोठी होऊन परदेशी गेली आणि त्यांच्या कॉमिक्सचा गठ्ठा मामाकडे आला. दुसऱ्या कुणी तो रद्दीत घातला असता. मामाने वाचायला घेतला. दुपारची जेवणं झाली की आपल्या घराच्या ओटीवर बसायचं, आम्हा भाचरांना भोवती घ्यायचं आणि मोठ्याने वाचायचं. त्याची रीत ठरलेली होती. बोलण्याच्या फुग्याची कड काटेरी असली की ओरडायचं, ढगासारखी असली की डोळे मिटून कुजबुजायचं, आणि फुगा मोठा असला तर तो भरेपर्यंत बोलत राहायचं. खांद्यावर लाल कापड टाकून उडणारा तो टॉवेलवाला आणि त्याचा वैरी टकल्या. टॉवेलवाला एका हाताने मोटार उचलून म्हणायचा, "टकल्या, तुज्या बापानं आमच्या हिरीवं पंप लावला, तवा आमी काय बोललो काय?" त्यावर टकल्या, "बाप काढू नको हां, मंग मी तुजं लगीन कसं जमलं ते सांगंन सगल्यांना!" आणि मग ठोसा.

ठोशाचा आवाज पानावर मोठ्या रंगीत अक्षरांत छापलेला असे. तो मामाला कधीच पटला नाही. बोटाने तो झाकायचा, ठोसा कुठे बसलाय ते निरखायचा आणि स्वतःचा आवाज काढायचा. पोटात बसला तर भदाक, गालावर बसला तर फाट. "ह्यांनी सगलीकडं येकच छापलंय. गाल आनि पोट येक हाय काय गं?" एकदा मी घाईने खालचं चित्र आधी पाहिलं, तर हातावर चापट बसली. "आदी बोलनं, मंग ठोसा. ठोसा आदी बगितलास, तं बोलनं वाया गेलं."

मी बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी दहा ठिकाणी सांगते, कारण ते मला कुणी फुकट दिलेलं नाही. निकाल लागल्यावर पेढे घेऊन मामाकडे गेले आणि टॉवेलवाला खरं काय म्हणतो ते त्याला वाचून दाखवलं.

"तो म्हणतोय, तुझा अंत जवळ आला आहे."

"आनि टकल्या?"

"टकल्या म्हणतो, कधीच नाही."

मामाने थोडी वाट पाहिली. "बस? येवड्यावंच हाणतात?"

"एवढंच लिहिलंय, मामा."

"मंग त्यांचं भांडान जुनं नसंल," मामा म्हणाला आणि पुढचं पान आपल्या रीतीने वाचू लागला.

जुन्या भांडणातलं मामाला कळत होतं. त्याच्या अंगणाला लागून, निरगुडीच्या कुंपणापलीकडे थोरला मामा राहतो. थोरल्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत धाकट्याचं नाव चुलतभावांच्या खाली छापलं गेलं. झालं! हळदीच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, धाकट्याने भावाला तोंडाला येईल ते सुनावलं. थोरला ऐकत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही, आणि आजतागायत त्याच्याशी बोललेला नाही. आम्ही मध्ये पडून पाहिलं, तर थोरला म्हणाला, "माजं कुनाशी भांडान नाय." आता यावर काय बोलणार? मग धाकट्याने युक्त्या केल्या. केळीचा घड पाठवला. पलीकडे तो ठेवून घेतला गेला. मुद्दाम अंगणातला पालापाचोळा कुंपणापलीकडे लोटला; थोरल्याने तो गुपचूप गोळा करून जाळला. "वाटलं, निदान शिवी तरी दील," मामा म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडलेला होता, की मला हसू आलं आणि आलेलं हसू गिळावं लागलं.

नोकरी लागल्यावर मी मुंबईहून एक नवं, गुळगुळीत कागदाचं कॉमिक आणलं. त्यातली शेवटची मारामारी मला फार आवडली होती. पानंच्या पानं ठोसे, पडणारे पूल, फाटलेले चेहरे, आणि एकही फुगा नाही, एकही आवाज नाही. मी ऐटीत सांगितलं, "इथं शब्द नाहीतच मामा, चित्रच सगळं बोलतं." मामा पानं उलटत गेला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"छापायचं ऱ्हायलंय."

"नाही रे, मुद्दाम सोडलंय. कलाच आहे ती."

"आसंल." तो चित्रातल्या त्या दोघांकडे बघत राहिला. "हे लय वाईट मारनं हाय, पोरी. बोलून हाणला, तं मानूस उद्या पुन्ना भेटतो. गप ऱ्हाऊन हाणला, म्हंजी त्याला तू नकोच हायस."

ते पुस्तक त्याने मला परत दिलं. चांगल्या पुस्तकाला त्याने नावं ठेवली म्हणून मला राग यायला हवा होता. आला नाही.

आता भाचरं पांगली. मी त्याच्याकडे गेले की मामा वाचतो, पण फक्त टॉवेलवाल्याचं. आवाज मात्र चढा, कुंपण ओलांडून जाईल असा. परवा वाचत होता, "मी मांडवात तसं बोलाया नको व्हतं. मानलं. पन तू नुसता उबा कशाला ऱ्हायलास रं? हाणायचास येक!" मी वाकून पाहिलं. फुगा इवलासा होता. एवढं सगळं त्यात मावलं नसतं. पुढे टकल्याचा फुगा. त्यावर बोट ठेवून मामा थांबला.

"वाच की," मी म्हणाले.

"थांब गं. तो त्याचा हाय."

पलीकडे थोरला मामा कोयत्याने जळणाच्या ढलप्या काढत होता. तो आवाज थांबला. एक कोंबडी कुंपणाखालून इकडे आली, आमच्याकडे बघून परत गेली. मामाचं बोट फुग्यावर तसंच होतं. मी श्वास धरून बसले होते, आणि पलीकडेही कुणीतरी तसंच बसलं असावं, असं मला उगाच वाटत राहिलं. मग कोयता पुन्हा सुरू झाला, पण सावकाश.

मामाने पान उलटलं नाही. पुस्तक तसंच उघडं मांडीवर ठेवून, कुंपणाकडे बघत मला म्हणाला, "चा टाक गं. वाईच जास्तच टाक."